गारवा तेवढा कळतो

चवकाकांनी गोळी जिभेवर ठेवली, ओठांचा चंबू करून हवा आत ओढली आणि डोळे मिटले. गारवा टाळूला लागला, घशापर्यंत उतरला. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"पुदिना फक्कड उतरलाय," ते म्हणाले. "पाठवून द्या लॉट."

गोळ्यांच्या त्या कारखान्यातून सव्वीस वर्षं काकांच्या 'फक्कड'शिवाय एक डबा बाहेर पडला नव्हता. कागदोपत्री नाव काही असो, चौकीदारापासून मालकांपर्यंत सगळ्यांचे ते चवकाकाच.

समोर बसलेली केमिस्ट त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिनं कागदावर काही लिहिलं नाही. उठून दार लोटून घेतलं.

"काका, यात पुदिना नाहीये."

"काहीतरीच काय!"

"नुसती गारव्याची पावडर आहे. ना वास, ना चव. दहाच गोळ्या केल्या, मुद्दाम तुमच्यासाठी."

काका चष्मा पुसू लागले. पितळ उघडं पडलं की माणूस हाताला काहीतरी काम शोधतो.

"काल पाक करपला," ती हळूच म्हणाली. "सगळे नाक धरून बाहेर पळाले. तुम्ही मात्र कढईपाशी निवांत उभे. कधीपासून हे?"

"त्या तापापासून. तीन आठवडे झाले. वासच गेलाय गं पार. गोड कळतं, पुदिना गार लागतो, आलं झोंबतं. तेवढ्यावर वेळ मारून नेतोय. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. बिनचवीच्या चवकाकाला कोण ठेवून घेणार?"

आता ही बोल लावणार, असं त्यांना वाटलं. तिनं पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"तीन आठवड्यांचे सगळे लॉट मी पुन्हा तपासलेत. ठीक आहेत. उद्या मालकांकडे दोघं जाऊ, पण आधी डॉक्टर. काकूंना सांगितलंत?"

"नाही. ती रोज विचारते, कसं झालंय? मी म्हणतो, झकास, फक्त जरा तिखट कर. तिखट लागलं की जेवल्यासारखं तरी वाटतं."

"अहो, पण काकूंना तिखट कुठे सोसतं?"

हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. तिनं टेबलावरचा फोन त्यांच्यासमोर ठेवला.

"ऐक," ते फोनवर म्हणाले, "आज भाजीत मिरची नको घालूस."

"का हो? जास्त झाली का काल?"

"तसं नाही. मला... चव कळत नाहीये गं. ताप आला तेव्हापासून."

पलीकडे हातातलं पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "तीन आठवडे मी उगाच नाकाडोळ्यांतून पाणी गाळत जेवतेय?"