इंजिन बंद होतं

"डावा हात खिशातनं काढ," जमादार म्हणाला.

शांतलिंगनं मीटरची तार उजव्या हातात तशीच धरून ठेवली. "मशीन चालू असताना आत एकच हात घालायचा असतो, साहेब. दोन्ही घातले तर करंट काळजातनं जातो."

जमादारानं स्वतः त्याचा खिसा चाचपला. मगच बंदूक खाली टेकवली.

नळदुर्गात उतरलेल्या फिरत्या टॉकीजचा तंबू रझाकारांनी ताब्यात घेतला होता. दिवस मावळायच्या आत बाजारात कर्ण्यावरून हुकूम सुनवायचा होता, आणि अँप्लिफायर नुसता गुरगुरत होता. टॉकीजचा मेकॅनिक शांतलिंग सकाळीच घरच्या वाटेला लागला होता. त्याला रस्त्यातून धरून आणलं. "जळकोटच्या वस्तीवर बायको-लेकरं एकटी हायत, जाऊ द्या," असं त्यानं हात जोडून सांगितलं. जमादारानं ऐकून घेतलं आणि तंबूकडं बोट केलं.

आतला मोठा काचेचा व्हॉल्व तापून लालभडक झाला होता. त्याला आवरून धरणारा बायस व्होल्टेज मीटरवर दिसतच नव्हता. लगाम तुटलेल्या घोड्यागत तो उधळला होता. शांतलिंगनं बाहेरचं, वीज पुरवणारं इंजिन बंद करायला लावलं. फटफट थांबली. तंबू गप्प झाला.

"बिघडलंय ते हेच का?" जमादार वाकला. त्याचा हात थेट मोठ्या कंडेन्सरकडं निघाला.

इंजिन बंद होतं, पण कंडेन्सरात जीव घेण्याइतका करंट अजून भरलेला होता. हे शांतलिंगला ठाऊक होतं. याच माणसानं मागच्या बाजारी गावातल्या शरणबसप्पाला चावडीपुढं मरेस्तोवर मारलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं.

त्यानं जमादाराचं मनगट धरलं.

मग लाकडी मुठीचा पेचकस कंडेन्सरच्या दोन्ही टोकांवर आडवा टेकवला. काडकन ठिणगी उडाली. जमादाराचं तोंड पांढरं पडलं.

"का अडवलंस?"

"म्हाईत न्हाय."

शांतलिंगनं जळका भाग बदलला, बायस जुळवला. इंजिन सुरू झालं आणि कर्ण्यातला आवाज बाजारभर खणखणीत घुमला. शांतलिंग आपली हत्यारं गोळा करून निघाला, तसा जमादार त्याच्या मागं आला. खालच्या आवाजात म्हणाला, "वस्तीवर जाऊ नकोस. सोलापूरची वाट धर."

"का?"

"आमची टोळी सकाळीच तिकडं गेलीय."

"मग... मी हात जोडले, तवाच का न्हाय सांगितलं?"

जमादारानं नजर वळवली.

"मग मशीन कोण दुरुस्त करणार होतं?"