बोळाचं दुसरं तोंड

बाज बोळाच्या वळणावर अडकली. बाजेवर नीलम्मा पांढरीफटक पडली होती. दिवस भरले होते, आणि अंगावरून जाणारं रक्त थांबत नव्हतं.

"हिला खांद्यावर घेतो," तिचा नवरा निंगप्पा म्हणाला.

"उभी केलीस तर हितंच जाईल," सुईण नागूबाईनं त्याला अडवलं. "आडवीच न्यायला पायजे."

भवानी पेठेतल्या त्या बोळाला एकच तोंड होतं. टांगा तिथपर्यंतच यायचा. दुसऱ्या टोकाला चंद्रव्वाचं घर आडवं पडलेलं, आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून मोठा रस्ता. बाहत्तरचा दुष्काळ सरल्यापासून महापालिकेची माणसं तिच्याकडे खेटे घालत होती. बोळ आरपार झाला की गटाराला उतार मिळेल, वारा खेळेल, घरोघरचा हिवताप हटेल, असं समजावून सांगत होती. चंद्रव्वानं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. मागच्या खोलीत तिचं देवघर होतं.

आता ती दारातून बघत होती. नीलम्माचा हात बाजेवरून खाली लोंबत होता. चंद्रव्वा वळून आत गेली. देवघरातले देव तिनं पदरात उचलले, चुलीपाशी नेऊन ठेवले आणि कोपऱ्यातली पहार घेतली.

"निंगप्पा, बाज मागं घे. हिकडं आण."

"अक्का, तिकडं वाट न्हाय की."

"तू आण तर."

पहिला घाव तिनंच घातला. भिंत मातीची होती, तरी दणका खांद्यापर्यंत गेला. आवाज ऐकून घरोघरचे हातमाग सोडून माणसं धावली. कुणी कुदळ आणली, कुणी नुसत्या हातांनी ढेकळं ओढू लागलं. बघता बघता खोलीत ऊन घुसलं. त्यामागून वारा आला आणि सरळ बोळात शिरला. धुरळ्यातून, चंद्रव्वाच्या देवघरातून, बाज रस्त्यावर गेली. तोवर कुणीतरी टांगा वळसा घालून तिथं आणला होता; तो भरधाव दवाखान्याकडे सुटला.

दिवेलागणीला नागूबाई धापा टाकत आली. "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत."

चंद्रव्वा हसता हसता रडली.

सकाळी तिचा मुलगा चन्नप्पा गवंडी घेऊन आला. भगदाडातून वारा येत होता, आणि बोळातल्या बाया तिथंच चंद्रव्वाभोवती धान्य निवडत बसल्या होत्या.

"अव्वा, जरा सरक. भिंत बुजवून घेऊ."

चंद्रव्वा हलली नाही.

"बुजवायची न्हाय," ती म्हणाली. "टांगा आत शिरंल एवढी पाडायला सांग त्याला."