चौथी बारी

हिंदुरावांनी चिठ्ठी उघडली. चार नंबर.

त्यांना जरा बरं वाटलं. आधी तिघांची तऱ्हा बघायला मिळेल, मग आपण. कुरुळीच्या बैलगाडा शर्यतीत तीस वर्षं त्यांनी गाडा पळवला होता. तिथला रिवाज साधा. घाटाच्या चढावर एका वेळी एकच गाडा सुटतो, घड्याळ लावून त्याचे सेकंद मोजतात आणि तो गेला की दुसऱ्याची बारी येते. दुसऱ्याच्या बारीत मध्ये घुसणारा तिथे मार खातो.

पण आज बैल नव्हते. दिघीच्या माळावर लष्कराने लढाईच्या काळात बांधलेला आणि आता ओस पडलेला गोल रस्ता होता. पुण्याच्या मोटारशौकिनांनी तिथे शर्यत ठेवली होती आणि हिंदुराव आपली दोन माणसांची लाल विलायती गाडी घेऊन आले होते. खडकीचा एक गोरा साहेब मायदेशी जाताना ती त्यांना विकून गेला होता. चाकणच्या कांदाबाजारात ती येऊन उभी राहिली की लिलाव थांबायचा.

बाकी तिघांनी आपापल्या गाड्या कांद्यासारख्या सोलून आणल्या होत्या. टप नाही, काच नाही, दिवे नाहीत. एकाने तर शेजारची बैठकही उपटून ठेवली होती. हिंदुरावांची गाडी मात्र कारखान्यातून निघाली तशीच होती, वर झेंडूचा हार.

"मागचं जादा चाक तरी उतरवा, राव. वजन कमी होईल," शेजारच्या गाडीतला मिशाळ गृहस्थ म्हणाला.

"नवरीला वरातीत आनायचं आन् दागिनं उतरून ठिवायचं व्हय?" हिंदुराव म्हणाले.

बोलले ऐटीत, पण त्यांची पाचावर धारण बसली होती. कारण दोरीच्या पलीकडे, टोप्या घातलेल्या बायकांच्या रांगेत, नऊवारीचा पदर सावरत शालनबाई उभ्या होत्या.

घाटात बायका येत नसत. त्यामुळे गेली तीस वर्षं हिंदुराव दर शर्यतीत पहिले येत होते, निदान घरी सांगण्यापुरते. खरं म्हणजे ते एकदाही पहिले आले नव्हते. बैल चांगले होते, पण त्यांच्याहून चांगले बैल दुसऱ्यांकडे असत. लग्न नवं होतं तेव्हा बायकोने दारातच विचारलं, काय झालं, आणि यांच्या तोंडून 'पहिला' निघून गेलं. मग काय, खोटं बोल पण रेटून बोल. ओढ्यावर थांबायचं, आपल्याच हाताने बैलांवर गुलाल टाकायचा आणि छाती काढून घरी यायचं. शालनबाई बैलांना ओवाळत, पुरणपोळी चारत आणि मग नवऱ्याकडे अशा काही बघत की त्या नजरेसाठी हा माणूस आणखी तीस वर्षं खोटं बोलला असता.

या वेळी मात्र शालनबाईंनी हट्टच धरला. "मोटारीच्या शर्यतीला मडमा बी येत्यात म्हनं. मग मी बी येनार." नाही म्हणायला कारण सापडलं नाही. आता एकच उपाय उरला होता. आज खरोखरच पहिलं यायचं.

निशाण पडलं. तीन गाड्या गर्जत सुटल्या. हिंदुराव हात मांडीवर ठेवून बघत बसले. तिघांनी एकदम पळावं हे त्यांना अडाणीपणाचं वाटलं. शहरातली माणसं, त्यांना दम कुठला! निशाणवाला हातवारे करत धावत आला.

"होऊ द्या त्यांचं, सायेब," हिंदुराव अदबीने म्हणाले. "माजी बारी चौथी हाय."

निशाणवाल्याने कपाळावर हात मारला. "अहो, सगळ्यांनी एकदमच पळायचंय! चार नंबर उभं राहायच्या जागेचा!"

तेवढ्यात मिशाळ गृहस्थ पहिली फेरी संपवून त्यांच्या शेजारून निघून गेला.

मग हिंदुरावांनी गाडी अशी सोडली की हार उडून मागे पडला. वळणं त्यांनी सुरेख घेतली, अगदी बघत राहावीत अशी. पण गेलेली फेरी काही परत येईना. तिसरी, शेवटची फेरी पुरी करून ते थांबले तेव्हा बाकीचे तिघे चहा पीत होते.

शालनबाई दोरीखालून वाकून गाडीपाशी आल्या. आता काहीतरी सांगायला हवं होतं. इंजिनात कचरा गेला, पेट्रोलमध्ये पाणी निघालं. तीस वर्षांची सवय मदतीला धावून आली, पण आज ती कामाची नव्हती. बायकोने सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हिंदुरावांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"चौथा नंबर," ते खाली बघत म्हणाले. "चारातला चौथा."

शालनबाईंनी पदराने त्यांच्या गालावरची धूळ पुसली.

"मग झ्याकच की. गेल्या साली तर तेरावा व्हता."

हिंदुरावांनी झटकन मान वर केली. "तुला कुनी सांगितलं?"

"कोन कशाला सांगंल? शर्यतीच्या दिशी मी घाटामागल्या टेकाडावर सरपनाला जाती. पैल्या वर्सापासनं. नंबर पुकारत्यात, हलगी कुनाच्या बैलांम्होरं वाजती, समदं दिसतं, ऐकू येतं तिथनं." त्यांनी पदर नवऱ्याच्या कपाळावरून फिरवला. "तुमचं तोंड तेवढं दिसत न्हाई. म्हनून आज जवळ आली."