दोन इंच

"काका, या वयात गाडी खाली बसवून कुणाला भुलवायचंय?" आमच्या अंगणात दस्तगीर मिस्त्रीने विचारलं.

"बायकोला," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिचा पाय गाडीच्या उंबऱ्यापर्यंत पोचत नव्हता, आणि गडहिंग्लजला तिची बहीण वाट पाहत होती. पाट ठेवून पाहिला, तर म्हणाली, "मी काय नवरी आहे?"

मिस्त्रीने शिंप्याच्या गांभीर्याने तिच्या उचललेल्या पायाखाली टेप धरली. "दोन इंच कमी पडतात."

"मग दोन इंच उतरवणाऱ्या स्प्रिंगा टाका!"

"शॉकअ‍ॅब्सॉर्बर कंपनीचेच राहणार, काका. आखूड शॉक या जुन्या गाडीला मिळत नाहीत. दोन इंच उतरवली तर ते महिन्यात मरतील, आणि प्रत्येक खड्डा काकूंच्या गुडघ्यात जाईल. एक इंचापुढे मी जात नाही."

मी हिरमुसलो. बायकोने आधी गाडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे.

"एक इंच गाडी उतरवा," ती म्हणाली. "एक मी चढते."

मिस्त्रीचा इंच दुपारपर्यंत उरकला. तिच्या इंचाला रोजच्या व्यायामाचे तीन आठवडे लागले.