परातेभाऊंचं नेट

सदर भागात आमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली आमच्या इंटरनेटवाल्या परातेभाऊंचं ऑफिस आहे. नेट रोज दुपारी झोपायचं. फोन करा नाहीतर खाली जाऊन विचारा, उत्तर एकच: "तुमची तक्रार नोंदवली आहे. लवकरच निवारण होईल."

शेवटी मी घरातल्या स्मार्ट सिस्टिमलाच कामाला लावलं. ती सतत स्पीड मोजते आणि स्पीड घसरला की बाल्कनीतला स्पीकर आपोआप ओरडतो, "परातेभाऊ, नेट झोपलं जी!"

आज परातेभाऊ धापा टाकत जिना चढून आले. "ताई, बंद करा ना जी ते! काहून इज्जत घालवून राहिल्या? खाली गिऱ्हाईकं हसून राहिले."

मी दार अर्धंच उघडलं.



"तुमची तक्रार नोंदवली आहे, भाऊ. लवकरच निवारण होईल."