परीक्षकांचं चुकलं

लेकीच्या चित्रपटाला मानाचा पुरस्कार मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी समीक्षक बाबा टीव्हीवरच्या चर्चेत म्हणाले, “परीक्षकांचं चुकलं. नावाड्यावरचा चित्रपट जास्त पात्र होता.” लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक घरी आली. “जगाने डोक्यावर घेतलं आणि तुम्ही पायदळी तुडवलंत!” बाबा ओशाळले. “नावाड्याचा मी पूर्ण पाहिला, तुझा अर्धाच.” “झोप लागली?” “नाही गं. त्यातली बाई केस विंचरताना स्वतःशीच गुणगुणते, अगदी तुझ्या आईसारखी. ती गेल्यापासून घरात कुणी गुणगुणलं नाही. डोळ्यांना धारा लागल्या, पुढचं दिसलंच नाही. न पाहिलेल्याला मत कसं देऊ?” लेकीचा राग विरघळला. लॅपटॉप उघडून ती त्यांना खेटून बसली. “उरलेला आता पाहू. रडू आलं तर थांबवू.” थोड्याच वेळात बाबांनी चित्रपट थांबवला आणि आपला रुमाल लेकीपुढे धरला.