दहावी पेंढी

मठाच्या माणसाने दर दहावी पेंढी देवाचा वाटा म्हणून निवडून तिच्यात हिरवी फांदी खोचेपर्यंत उरलेल्या नऊ शेतातून हलवायच्या नाहीत, असा आमच्याकडचा रिवाज. हॅमोने गहू कापून तीन दिवस झाले, आभाळ भरून आलं, आणि तो बांधावर येरझारा घालत राहिला.

"अहो, निदान हिवाळ्यापुरत्या तरी आत घेऊ," बायको ॲव्हिस म्हणाली.

"आणि मठाने वाळीत टाकलं, तर पुरायलासुद्धा जागा मिळेल का?"

दोन दिवस पाऊस कोसळला. मग फांद्यांचा भारा घेऊन ब्रदर ऑस्बर्ट आले आणि त्यांनी पेंढी चाचपून पाहिली.

"ओली आहे रे. देवाच्या कोठारातल्या बाकीच्याही कुजवेल. वाळली की येईन."

फांद्यांचा भारा उचलून ते निघाले आणि बांधावरून वळून म्हणाले,

"तोवर एकही हलवू नकोस."